मांजराच्या स्वभावाआधी घर तपासा

झाशीचा इलाइट चौराहा हा शहरातल्या सर्वाधिक वर्दळीच्या चौकांपैकी एक. दिवसभर हॉर्न, लग्नसराईत वरातीपुढचे बँड आणि डीजे, दिवाळीत फटाके, आणि उन्हाळ्यात बुंदेलखंडाची होरपळ. २०२४च्या मे महिन्यात झाशीचा पारा ४९ अंशांपर्यंत चढला होता. अशा चौकालगतच्या एखाद्या फ्लॅटमध्ये पाळलेल्या मांजराचा विचार करू. ते घर झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून तिथे वसलेल्या मराठी कुटुंबाचं असो की बदलीवर आलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याचं, तक्रारी त्याच असतात आणि पुण्या-मुंबईतही त्याच ऐकू येतात. मांजर ट्रे सोडून गादीवर लघवी करतं, सोफा ओरबाडतं, मांडीवर बसल्या बसल्या एकदम चावतं, रात्री तीनला ओरडून सगळ्यांना उठवतं. यावरचं निदानही ठरलेलं असतं: मांजराची जातच बेइमान, ते डूख धरतं, मुद्दाम करतं. एकदा असं ठरवलं की उपायही त्याच वाटेने जातात. आधी चापटी, मग कोंडून ठेवणं, आणि शेवटी पोत्यात घालून लांब कुठेतरी सोडून येणं. माझं म्हणणं असं की हे निदान चुकीचं आहे आणि त्याची किंमत मांजराला अनेकदा जिवाने चुकवावी लागते. ज्याला आपण वाईट वागणं म्हणतो ते बहुतेक वेळा एक तर दुखण्याचं लक्षण असतं, नाही तर मांजराच्या एखाद्या स्वाभाविक गरजेला घरात जागा मिळाली नाही याचा परिणाम. म्हणून स्वभावाचा निवाडा करण्याआधी शरीर आणि घर तपासायला हवं.

यामागचं कारण मांजराच्या पूर्वजांत आहे. घरातलं मांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झालं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. धान्याच्या साठ्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं आणि राहिलं. कुत्र्याला माणसाने राखणीसाठी, शिकारीसाठी, कळप हाकण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलं. मांजराला उंदीर मारणं शिकवावं लागलं नाही, म्हणून ते फारसं बदललंही नाही. त्याचा पूर्वज एकटा शिकार करणारा होता. एकट्याने जगणाऱ्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही, त्यामुळे भांडण टाळायचं, अंतर राखायचं आणि आपली हद्द वासाने कळवायची, ही त्याची रीत. नखं ओरबाडणं, गाल घासणं, लघवीची पिचकारी मारणं ही सगळी त्या कळवण्याचीच साधनं आहेत. कुत्रं माणसाचं आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. त्यातला दुसरा भाग मोलाचा आहे. ओळखीची जागा आणि तिचा ओळखीचा वास हाच मांजराच्या निर्धास्तपणाचा पाया असतो. पहिला भाग मात्र मांजरावर अन्याय करतो. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश पिल्लं आपल्या माणसाच्या सोबतीने निर्धास्त होताना दिसली. मांजराला माणूसही हवा असतो, फक्त तो ओळखीच्या, सुरक्षित जागेत हवा असतो.

पहिली तपासणी शरीराची. अशक्त आणि जखमी दिसणं शिकाऱ्याला धोक्याचं असल्यामुळे मांजर दुखणं लपवतं आणि ते बाहेर येतं वागण्यातून. लघवीच्या वेळी वेदना झाली तर ती वेदना आणि ट्रे यांची त्याच्या मनात गाठ पडते. मग ते ट्रे टाळून मऊ गादी किंवा थंड फरशी शोधतं. म्हाताऱ्या मांजरांचे सांधे झिजतात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा वर्षांवरच्या मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत दहापैकी नऊ मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा आढळल्या होत्या. अशा मांजराला उंच काठाच्या ट्रेमध्ये पाय टाकणं जड जातं आणि पाठीवरून हात फिरवला तर ते चावतं. वाढलेलं थायरॉइड, बहिरेपणा किंवा म्हातारपणी मेंदूची होणारी झीज, यांपैकी कशानेही मांजर रात्री ओरडत फिरू शकतं. दात दुखत असेल तर ते अन्नावर गुरगुरतं. यात एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये बसतो, कुंथतो, पण लघवी होत नाही, असं दिसलं तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत त्याच्या जिवावर बेतू शकतं, त्यामुळे त्याच दिवशी पशुवैद्य गाठायला हवा. माणसाच्या वेदनाशामक गोळ्या घरच्या घरी देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. झाशीकरांना जवळच दतियाला राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. स्वभाव बिघडला म्हणण्याआधी अशा ठिकाणी एक खेप घालणं हा मांजराचा हक्क मानला पाहिजे.

शरीर आणि घर या वेगळ्या गोष्टी नाहीत, हे दाखवणारा पुरावा अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातून आला. तिथे टोनी बफिंग्टन आणि त्यांचे सहकारी मूत्राशयाच्या अशा दाहाचा अभ्यास करत होते, ज्यात जंतुसंसर्ग सापडत नाही. २०११ मध्ये त्यांनी ३२ मांजरांवरची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांतली २० मांजरं या विकाराची होती आणि १२ निरोगी. ७७ आठवडे रोज त्यांची नोंद ठेवली गेली. सांभाळणारी व्यक्ती बदलली, खाण्याची वेळ चुकली, ठरलेला दिनक्रम मोडला, की उलट्या, खाणं सोडणं, ट्रेबाहेर घाण करणं असे प्रकार वाढायचे. यातला लाखमोलाचा भाग असा की हे निरोगी मांजरांतही घडलं. म्हणजे ज्या मांजराला कोणताही आजार नाही, तेही केवळ रोजची घडी विस्कटल्यामुळे आजारी मांजरासारखं वागू शकतं. आपल्या घरांत अशा घडी विस्कटण्याचे प्रसंग कमी नसतात. लग्नाचे पाहुणे, रंगकाम, नवं बाळ, सुट्टीत गावी जाताना शेजाऱ्यांकडे दिलेली किल्ली. त्यानंतर आठवड्याभरात मांजराने पलंगावर लघवी केली तर घरच्यांना तो सूड वाटतो. सूड घ्यायला आधीच्या अन्यायाचा हिशोब ठेवून पुढची योजना आखावी लागते, आणि मांजर तसं काही करतं असं मानायला आधार नाही. शरीरावर ताण आला, मूत्राशयाला त्याची झळ बसली आणि घरच्यांचा वास असलेली जागा त्यातल्या त्यात सुरक्षित वाटली, हे स्पष्टीकरण अधिक साधं आहे आणि निरीक्षणांशी जुळतं.

दुसरी तपासणी बालपणाची, कारण मांजर घरात येतं तेव्हा त्याची बरीच घडण होऊन गेलेली असते. टेम्पल विद्यापीठाच्या आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की जन्मानंतरचा दुसरा ते सातवा आठवडा हा माणसाची सवय लागण्याचा काळ असतो. या दिवसांत रोज हाताळलेली पिल्लं पुढे माणसाजवळ निवांत राहतात. हा काळ माणसाशिवाय गेला तर मांजर आयुष्यभर बिचकत राहू शकतं. यावरून कोणी म्हणेल, मग पिल्लू लवकरात लवकर आईपासून आणावं. इथेच मोठी चूक होते. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये सुमारे ५,७०० मांजरांच्या माहितीवरून केलेल्या अभ्यासात, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा अधिक दिसला, तर चौदा आठवड्यांपर्यंत आईजवळ राहिलेल्यांत आक्रमकपणा आणि लोकर चोखण्यासारख्या चाळ्यांचं प्रमाण कमी दिसलं. ही माहिती मालकांनी भरून दिलेली होती, त्यामुळे एकट्या तिच्यावर कार्यकारणाचा शिक्का मारता येत नाही. पण चावा किती जोरात घ्यायचा, खेळ कुठे थांबवायचा हे पिल्लू आई आणि भावंडांकडून शिकतं, हे लक्षात घेतलं की निष्कर्ष पटतो. त्यामुळे पिल्लू आईजवळच ठेवून तिथे त्याला माणसाची सवय लावावी, आणि निदान बारा आठवडे तरी ते हलवू नये. रस्त्यावरचं अनाथ पिल्लू आणणाऱ्यांचं मोल यामुळे कमी होत नाही. त्यांनी फक्त शक्य असेल तर एकाऐवजी दोन भावंडं आणावीत आणि हाताशी कुस्ती न खेळता दोरीला बांधलेल्या खेळण्याने खेळावं.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. स्वभाव रक्तातच असेल तर घर बदलून काय होणार? आनुवंशिकतेचा वाटा खराच मोठा आहे. सँड्रा मॅक्यून यांच्या १९९५च्या अभ्यासात माणसाळू बोक्याची पिल्लं अधिक धीट निघाली. हा बोका पिल्लांच्या संगोपनात नसतो, म्हणजे धीटपणा रक्तातून आला हे उघड आहे. हेलसिंकीच्याच २०१९च्या अभ्यासात वागण्यातल्या फरकांचा जवळपास निम्मा भाग आनुवंशिक असल्याचा अंदाज निघाला. पण याचा अर्थ नीट लावला पाहिजे. मांजरा-मांजरांतल्या फरकाचा निम्मा भाग रक्ताने ठरतो, म्हणजे उरलेला निम्मा अन्यत्र ठरतो, आणि तोच आपल्या हातात आहे. शिवाय बुजरेपणा रक्तात असणं आणि गादीवर लघवी करणं रक्तात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बुजऱ्या मांजरावर शांत घरात कोणाला त्रास देण्याची वेळच येत नाही. त्याला लपायला जागा न देता रोज पाहुण्यांपुढे उचलून नेलं तर ते बोचकारणार. आनुवंशिकता आपल्याला एवढंच सांगते की कोणत्या मांजराची काळजी जास्त घ्यायची.

तिसरी तपासणी घराची, आणि बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. २०१३ मध्ये मांजरांच्या पशुवैद्यकांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून मांजराला घरात काय हवं याची पाच सूत्रं मांडली: सुरक्षित जागा, अन्न-पाणी-ट्रे यांची वेगवेगळ्या ठिकाणी सोय, खेळ आणि शिकारीला वाव, माणसाचं अंदाज बांधता येईल असं प्रेमळ वागणं, आणि वासाच्या जगाचा आदर. आपल्याकडे बहुतेकदा ट्रे बाथरूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी असतो, छोटा असतो, दिवसाआड साफ होतो आणि वाट्या त्याच्याच बाजूला. त्यातच मशीन गडगडलं की मांजर बिथरतं. मांजरांपेक्षा एक ट्रे जास्त, तोही शांत कोपऱ्यात, मांजराच्या लांबीच्या दीडपट आणि रोज साफ केलेला, एवढ्याने कितीतरी तक्रारी मिटतात. डाग पुसायला अमोनिया असलेला क्लीनर वापरू नये, कारण लघवीतही अमोनिया असतो आणि मांजर परत तिथेच येतं. ओरबाडण्यासाठी सुंभ गुंडाळलेला, हलणार नाही असा, त्याला ताणून उभं राहता येईल एवढा उंच खांब सोफ्याशेजारीच ठेवला तर सोफा वाचू शकतो. अडगळीत ठेवलेला खांब निरुपयोगी, कारण हद्दीची खूण घराच्या मधोमध लागते.

घर एकाच मांजराचं नसेल तर प्रश्न अवघड होतो. बहिणी असलेल्या मांजरी गुण्यागोविंदाने राहतात, पण दोन अनोळखी प्रौढ मांजरं एका दारातून आत सोडली तर त्यांच्यात मारामारीपेक्षा वेगळा, न दिसणारा संघर्ष सुरू होतो. एक जण ट्रेच्या वाटेवर नुसता बसून राहतो, दुसरा ट्रेपर्यंत जायला धजत नाही आणि कपाटामागे लघवी करतो. घरच्यांना दिसतं ते एवढंच की दुसरा घाणेरडा आहे. २०२५च्या फेब्रुवारीत पुण्याच्या हडपसर भागातल्या एका सोसायटीत एकाच फ्लॅटमध्ये तीनशेहून अधिक मांजरं असल्याच्या बातम्या आल्या. शेजाऱ्यांनी दुर्गंधी आणि आवाजाची तक्रार केली, महापालिकेने नोटीस दिली. चर्चा झाली ती शेजाऱ्यांच्या त्रासाची आणि मांजरप्रेमाच्या मर्यादेची. पण अंतर राखून जगणाऱ्या प्राण्याला अशा दाटीत पळवाट उरत नाही आणि तिथली दुर्गंधी हा त्याच कोंडीचा परिणाम असतो, हेही बोललं जायला हवं होतं. कोंडी एका मांजराचीही होऊ शकते. खिडकीबाहेर परका बोका दिसला, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, अशा क्षणी जवळ आलेल्या माणसावर मांजर झेप घेतं. घरच्यांना हल्ला विनाकारण वाटतो, कारण बोका त्यांच्या नजरेस पडलेला नसतो. खिडकीच्या खालच्या भागाला कागद लावणं आणि चवताळलेल्या मांजराला तासभर एकटं सोडणं, हा त्यावरचा उपाय.

आता इलाइट चौराह्याकडे पुन्हा पाहू. मांजर ८० हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज ऐकू शकतं, माणूस २० हजारांपर्यंत. डीजेचा दणका आणि फटाके त्याच्यावर किती जोरात आदळत असतील याचा अंदाज यावरून येतो. उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून सगळं कुटुंब कूलरच्या एका खोलीत जमतं, तेव्हा मांजराचं हक्काचं अंतरही जातं. मांजर उष्ण प्रदेशातलं असल्यामुळे त्याला ऊन सोसतं, असा समज आहे. तीस-पस्तीस अंशांपर्यंत तो खरा आहे, पंचेचाळीसला नाही. मग काय, शहरातल्या माणसाने मांजर पाळूच नये? तसं नाही. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नव्याने आलेल्या मांजरांना लपायला एक खोका दिला तेव्हा ती पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा निवांत झाली. वरातीच्या रात्री आतल्या खोलीत जुनी चादर घातलेला खोका, पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेलं माठातलं गार पाणी, कपाटावर चढून बसायला मोकळी फळी, एवढं रद्दीतल्या सामानातही जमतं. आवाज आपल्याला थांबवता येत नाही, पण आडोसा देता येतो.

चौथी गोष्ट शिकारीची. रानातलं मांजर दिवसात दहा-वीस छोट्या शिकारी करतं आणि प्रत्येकीमागे दबा, झेप, पकड असं चक्र असतं. घरात दोन वेळा वाटी भरली की दिवसभराची ती ऊर्जा पायांच्या बोटांवर आणि पहाटेच्या धुडगुसात निघते. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१च्या अभ्यासात रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेल्या शिकारीत सुमारे २५ टक्के घट झाली, आणि धान्यविरहित, मांसाचं प्रथिन भरपूर असलेल्या अन्नाने ३६ टक्के. अन्नाचा हा मुद्दा शाकाहारी मराठी घरांनी मनावर घ्यावा. मांजर मांसाहारीच आहे. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही आणि ते वनस्पतींत मिळत नाही. त्याच्या अभावाने डोळे आणि हृदय निकामी होतात. प्रौढ मांजरांना दूधही पचतंच असं नाही. दूध-पोळीवर वाढलेलं मांजर शेजाऱ्यांच्या ओट्यावरची मासळी पळवतं तेव्हा चोरीपेक्षा उपासमारीचा विचार आधी करावा. घरात मांस शिजवणं मान्य नसेल तर संतुलित कॅट फूड वापरता येतं. नसबंदीही याच मालिकेत येते. नसबंदीनंतर सुमारे ९० टक्के बोक्यांचं पिचकारी मारणं थांबतं किंवा खूप कमी होतं, भटकंती आणि मारामाऱ्याही घटतात. तिला निसर्गाविरुद्ध म्हणणाऱ्यांनी हा विचार करावा की बंद फ्लॅटमध्ये माजावर आलेल्या मांजराची तडफड तरी निसर्गाला धरून आहे का.

शेवटची तपासणी आपली स्वतःची. मारल्याशिवाय मांजर सुधारत नाही, हा आक्षेप सर्वांत हट्टी. चापटी मारल्यावर मांजर पळतं, म्हणून ती लागू पडली असं वाटतं. पण शिक्षा आणि कृती यांत काही क्षणांचं अंतर पडलं तरी मांजराला संबंध कळत नाही, आणि ती जोडली जाते मारणाऱ्या हाताशी. मग ते त्या हाताला घाबरतं, लपून लघवी करतं, आणि भीतीचा ताण मूत्राशयावर पडून मूळ प्रश्न वाढतो. कुरवाळताना चावण्याचंही तसंच. शेपटीचं टोक हलतं, कान मागे वळतात, पाठीची कातडी थरथरते, या सूचना मांजर आधी देतं. त्या दिसल्या की हात काढून घेणं हीच त्यावरची शिकवण. दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा: आमच्या वाड्यातल्या मांजरांना खोके आणि खांब कुठे होते? वाड्यात माळा होता, परस होता, मातीचं अंगण आणि लाकडी खांब होते, कौलांवरून जायची वाट होती. आज ज्या सोयी आपल्याला मुद्दाम कराव्या लागतात त्या तिथे न मागता मिळत होत्या. शिवाय अपघातात गेलेल्या, परत न आलेल्या मांजरांची कोणी मोजदाद ठेवत नव्हतं. गजबजलेल्या चौकात मांजराला बाहेर मोकळं सोडणं म्हणजे त्याला गाड्यांपुढे आणि कुत्र्यांपुढे सोडणं. जो मोकळेपणा आपण काढून घेतला तो घरात थोडा तरी परत देणं, ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

यातून एक क्रम हाती लागतो. लघवी अडल्यासारखी तातडीची खूण नसेल, तर तक्रार सुरू झाली की दोन आठवडे वही ठेवावी: काय घडलं, कुठे, किती वाजता, त्याआधी घरात काय बदललं. ती वही घेऊन पशुवैद्याकडे जावं आणि दुखणं नाही याची खात्री करून घ्यावी. मग ट्रे, लपायची जागा, खेळ आणि अन्न, या क्रमाने एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा, नाही तर कशाने गुण आला ते कळत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकच वागणूक ठेवावी. सगळं करूनही काही मांजरांच्या बाबतीत औषधाची गरज पडते, आणि क्वचित ते घर त्या मांजराला मानवतच नाही. तेव्हा त्याच्यासाठी दुसरं घर शोधून देणं ही हार नाही. पोत्यात घालून सोडून येणं मात्र कोणत्याही परिस्थितीत उपाय नाही. प्राण्याला उपासमार आणि तहानेने हाल होतील असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. माणसाच्या घरात राहणाऱ्या प्राण्याला घराची रचना निवडता येत नाही, खाण्याची वेळ ठरवता येत नाही, पाहुणे नाकारता येत नाहीत. ते सगळं आपण ठरवतो. मग त्या ठरवण्याचा जो परिणाम मांजराच्या वागण्यात उतरतो, त्याचा जाब आधी आपण स्वतःला विचारायला हवा.